भित्रा कोणास म्हणावे?

वार्षिक अंकासाठी काही लिहून द्यावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा प्रथम मनात आले की आपण इतिहास आणि मराठी शिकवणाऱ्या. एखाद्या किल्ल्याचे वर्णन किंवा एखाद्या संतकवीचा परिचय लिहावा आणि मोकळे व्हावे. परंतु गेली दोन वर्षे एक गोष्ट माझ्या मनाला टोचत आहे. ती सांगितल्यावाचून दुसरे काही लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटेना. त्या गोष्टीच्या मागोमाग मला शरीरशास्त्राच्या प्रांतात शिरावे लागले. कला शाखेच्या पदवीधर शिक्षिकेचा हा अनधिकार प्रवेश आपण उदार मनाने सोसून घ्यावा. आमच्या विज्ञानशिक्षकांनी पुस्तके दिली, फळ्यावर आकृत्या काढून शंका फेडल्या. म्हणून शास्त्राचा भाग त्यांचा. मते मात्र माझी आहेत आणि त्यांची जबाबदारीही माझीच.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील ती गोष्ट. माझ्या वर्गात रानाकडच्या वाडीवरून येणारा एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही, वाडीचेही नाही. भीमगड अभयारण्याच्या बाजूची आमची खेडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तिकडच्या वाटा ठाऊक असतील. पावसाळ्यात सकाळी धुके इतके दाट असते की दहा पावलांवरचे झाड दिसत नाही. त्या दिवशी हा मुलगा पहिल्या तासाला उशिरा आला. कपडे भिजलेले, पायाला चिखल. मी कारण विचारले नाही. "उशिरा आलास, तर उभा राहा आणि कविता म्हण," एवढेच म्हटले. कविता त्याची पाठ होती. आदल्या दिवशी त्याने ती मला न अडखळता म्हणून दाखविली होती. पण त्या दिवशी ओठ हलेनात. तळहात घामाने ओले झाले होते, हात कापत होते, तो पुनःपुन्हा आवंढा गिळत होता. माझा धीर सुटला आणि मी म्हणाले, "चार ओळी म्हणायला एवढा थरथरतोस? इतका भित्रा कसा रे तू?" वर्ग हसला. तो खाली बसला.

मधल्या सुटीत त्याच्याच वाडीच्या दोन मुली माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आज वाटेत गवा आडवा आला होता." या दोघी लहान, त्या किंचाळून पळणार, तोच या मुलाने त्यांचे हात घट्ट धरले, पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे घेत त्यांना एका जाड झाडाआड नेले, आणि ते धूड रानात निघून जाईपर्यंत तो त्यांच्यापुढे उभा राहिला. म्हणून त्याला उशीर झाला होता. ज्याने सकाळी दोन लहान मुलींना गव्यापासून वाचविले, त्याला मी तासाभराच्या आत भरवर्गात भित्रा ठरविले होते.

त्यानंतर त्याने वर्गात हात वर करणे सोडले. महिन्याभराने त्याची आई शाळेत आली. ती म्हणाली, "बाई, ऐतवारी याचं पोट दुखत नाही, सोमवार उजाडला की दुखतंय. सोंग करतंय काय बघा." त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. मी एवढेच सांगितले की प्रथम डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी तपासून पोटात काही विकार नाही असे सांगितले. मग विकार नाही आणि सोंगही नाही, तर हे आहे तरी काय? या प्रश्नाच्या शोधातून हा लेख जन्मला.

आपल्या शरीरातील पुष्कळ कामे आपल्याला न विचारता चालतात. हृदयाचे ठोके, अन्नाचे पचन, घाम, डोळ्यांच्या बाहुल्यांचे लहानमोठे होणे, यांपैकी काहीही आपल्या हुकमाची वाट पाहत नाही. हा कारभार स्वायत्त चेतासंस्था पाहते. तिच्या दोन प्रमुख शाखा आहेत. एक अनुकंपी, दुसरी परानुकंपी. अनुकंपी शाखेचे मज्जातंतू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या मधल्या भागातून, म्हणजे छातीच्या व कमरेच्या वरच्या पातळीवरून निघतात आणि हृदय, फुप्फुसे, रक्तवाहिन्या, जठर, आतडी, त्वचा अशा सर्वत्र पोचतात. संकट आले की ही शाखा शरीराला सज्ज करते. संकट टळले की परानुकंपी शाखा त्याला विसावा देते. दोघी एकमेकींच्या वैरिणी मात्र नव्हेत. एकाच घरच्या दोन सुना जसे काम वाटून घेतात, तशा त्या रात्रंदिवस संसार चालवीत असतात.

अनुकंपी शाखेचा निरोप जो पदार्थ पोचवितो, त्याचे नाव नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. अमेरिकेत त्यालाच नॉरएपिनेफ्रिन म्हणतात. नावे दोन, पदार्थ एकच. डाळी, दूध, मासे यांतील प्रथिनांत टायरोसिन नावाचे एक अमिनो आम्ल असते. त्यापासून शरीर पायरीपायरीने हा पदार्थ बनविते. त्याची शेवटची पायरी म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून हे दोन्ही पदार्थ रक्तात मिसळतात, पण तेथे अ‍ॅड्रेनॅलिनचा वाटा मोठा असतो. मज्जातंतूंच्या टोकांशी मात्र राज्य नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचेच.

गवा समोर आला, त्या क्षणी त्या मुलाच्या शरीरात काय घडले असेल? हृदयाचे ठोके वाढले. श्वासनलिका रुंदावल्या. बाहुल्या विस्फारल्या. त्वचा आणि आतडी यांच्या रक्तवाहिन्या आकसल्या आणि रक्त स्नायूंकडे वळले. यकृताने साठविलेली साखर रक्तात सोडली. तोंड कोरडे पडले, तळहातांना घाम सुटला, अंगावर काटा उभा राहिला. पचनाचे काम थांबले, कारण समोर गवा उभा असता सकाळची भाकरी पचविण्याची घाई कोणाला असणार? ही सारी सिद्धता दोन-चार सेकंदांत झाली. ती झाली म्हणून त्याला गव्याचे कान कोठे वळले हे दिसले आणि मागच्या झाडाची जागा सापडली. त्याला भीती वाटली नाही असे मुळीच नाही. भीती वाटली, आणि ती उपयोगी पडली.

आता वर्गातला प्रसंग पाहा. ठोके वाढलेले, तोंड कोरडे, तळहात ओले, हात कापणारे. तीच सिद्धता, तेच मज्जातंतू, तोच पदार्थ. शरीराला गवा आणि गुरुजन यांत भेद करता आला नाही. कारण घंटा वाजविणारी दोरी एकच आहे. फरक इतकाच, की रानात त्या सिद्धतेला वाट होती. मागे सरता येत होते, झाडाआड जाता येत होते. वर्गात जायला जागा नव्हती. हातापायांत आलेले सारे बळ बाकाशी उभे राहून नुसते थरथरत राहिले, आणि मी त्या थरथरण्याला भेकडपणा म्हटले.

हे ज्ञान मानवाने कसे मिळविले, तेही थोडक्यात सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकाचा एक विद्यार्थी होता. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि लवकरच त्याने त्या किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या पोटातील हालचाली पाहण्यास आरंभ केला. त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मांजर चिडले किंवा घाबरले की त्याच्या जठराची हालचाल थांबे, आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. दुसरा एखादा मांजरावर रागावला असता आणि प्रयोग पुढे चालविला असता. कॅननने मात्र त्या अडथळ्यालाच आपला विषय केले. १९१५ साली वेदना, भूक, भय आणि क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लढणे किंवा पळणे यासाठी शरीर सज्ज होते, ही कल्पना त्याचीच.

त्याच्या एका निरीक्षणाने तर मला शिक्षिका म्हणून अंतर्मुख केले. कॅननच्या एका सहकाऱ्याने वैद्यकाच्या नऊ विद्यार्थ्यांची तपासणी केली. एरवी कोणाच्याही लघवीत साखर नव्हती. अवघड परीक्षेनंतर चौघांच्या लघवीत ती आढळली. सोप्या परीक्षेनंतर एकाच्याच. फुटबॉलच्या चुरशीच्या सामन्यानंतर खेळाडूंची तपासणी झाली, तेव्हाही काहींच्या लघवीत साखर सापडली. आणि त्यांत असेही होते जे राखीव म्हणून बाहेरच बसले होते, एकदाही मैदानात उतरले नव्हते! परीक्षेचा कागद हातात पडण्यापूर्वीच पोटात गोळा का येतो, याचे उत्तर यात आहे. बाकावर बसलेला विद्यार्थी दिसतो स्तब्ध. आत मात्र तो धावत असतो.

मज्जातंतू आपला निरोप रासायनिक पदार्थाच्या द्वारे पोचवितात, हे १९२१ साली ऑटो लोवी याने ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सिद्ध केले. त्याची कथा प्रसिद्ध आहे. प्रयोगाची कल्पना त्याला स्वप्नात सुचली. अर्धवट झोपेत त्याने ती कागदावर लिहून ठेवली, पण सकाळी स्वतःचेच अक्षर त्याला लागेना! अक्षर सुधारा म्हणून मी वर्गात सांगते, तेव्हा हे उदाहरण हमखास देते. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी तो थेट प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदये त्याने वेगवेगळ्या पात्रांत ठेवली. एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्याची गती मंद केली आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंद झाले. गती वाढविणाऱ्या मज्जातंतूच्या बाबतीतही तसेच घडले. १९३६ साली हेन्री डेल याच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९४६ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर याने अनुकंपी मज्जातंतूंचा निरोप्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच होय, हे दाखवून दिले.

लोवीच्या चरित्रातील दुसरा प्रसंग मला स्वप्नापेक्षाही मोठा वाटतो. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, त्या रात्री सशस्त्र लोकांनी या वृद्ध यहुदी शास्त्रज्ञाला झोपेतून उठवून तुरुंगात टाकले. आपण आता मारले जाणार, असेच त्याला वाटले. त्या स्थितीत त्याने पहारेकऱ्याकडे काय मागितले असेल? एक पोस्टकार्ड आणि लेखणी! आपल्या अखेरच्या प्रयोगाचे निष्कर्ष नष्ट होऊ नयेत म्हणून त्याने ते कार्डावर लिहून एका शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडले, आणि मगच त्याच्या मनाला स्वस्थता लाभली. ज्याने भयाचा निरोप वाहणाऱ्या तंतूंचा अभ्यास केला, त्याला भय चुकले नाही; पण भयातही त्याला आपले काम आठवले. शूर आणि भित्रा यांतील भेद मला येथे दिसतो. हात कापतात की नाही, यावरून तो ठरत नाही. कापणाऱ्या हाताने आपण काय लिहितो, यावर ठरतो.

आता आरोग्याचा विचार करू. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हा केवळ संकटाचा सोबती आहे, असा ग्रह होऊ नये. तुम्ही झोपेतून उठून उभे राहता तेव्हा रक्त पायांकडे ओसरू लागते. त्याच क्षणी अनुकंपी मज्जातंतू रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूला रक्त कमी पडू देत नाहीत. प्रार्थनेच्या वेळी उन्हात बराच वेळ उभी असलेली, सकाळी काही न खाता आलेली एखादी मुलगी भोवळ येऊन पडते, तेव्हा ही आवळण्याची क्रिया क्षणभर ढिली पडलेली असते आणि हृदयाची गतीही मंदावलेली असते. तिला उभे करण्याची धडपड करू नये. आडवे निजवावे, पाय थोडे वर उचलावेत आणि गर्दी हटवून वारा येऊ द्यावा. तान्ह्या बाळाला थंडीत कुडकुडता येत नाही. त्याच्या अंगातील तपकिरी चरबी जाळून ऊब देण्याची आज्ञा हाच पदार्थ देतो. जंतुदोषाने रक्तदाब कोसळलेल्या रोग्याला इस्पितळात शिरेवाटे हेच नॉरअ‍ॅड्रेनॅलिन औषध म्हणून देतात. मेंदूच्या देठात निळसर रंगाचा एक अगदी लहान ठिपका आहे. तेथून निघणारे तंतू मेंदूभर पसरतात आणि हाच पदार्थ शिंपून आपल्याला जागे व सावध ठेवतात. तो योग्य प्रमाणात असला तर लक्ष एकाग्र होते, ऐकलेले स्मरणात राहते. फार झाला तर मेंदूचा पुढचा भाग, जेथे विचार व निवड होते, तो काम करीनासा होतो. पाठ केलेली कविता ऐन वेळी का हरवते, ते आता ध्यानी येईल. ती विसरलेली नसते. तिच्याकडे जाण्याची वाट तेवढी क्षणभर बंद झालेली असते.

निसर्गाने या घंटेबरोबरच ती थांबविण्याचीही सोय केली आहे. तंतूच्या टोकातून सांडलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तोच तंतू पुष्कळसे पुन्हा शोषून घेतो. हा शोध अमेरिकेतील ज्यूलियस अ‍ॅक्सलरॉड याने लावला आणि १९७० साली फॉन ऑयलर व बर्नार्ड कॅट्झ यांच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. शिंपलेले पाणी पुन्हा घागरीत भरून ठेवावे, अशी ही काटकसर! संकट टळताच सज्जता आवरून ठेवायची, हा शरीराचा धर्म आहे. रानातले हरीण वाघाच्या तावडीतून सुटले की थोड्याच वेळात पुन्हा चरू लागते. माणसाचे तसे नाही. आपण कालच्या अपमानाने आज घाबरतो आणि उद्याच्या निकालाने आजच. घंटा थांबतच नाही. ती वर्षानुवर्षे वाजत राहिली तर रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, रक्तदाब वाढण्यास हातभार लागतो, झोप तुटते, अन्न अंगी लागत नाही. थकलेल्या हृदयाला ही उत्तेजना चाबकासारखी लागते. दुर्बल हृदयाला अनुकंपी उत्तेजनेपासून आवरणारी औषधे देऊ नयेत, अशी एके काळी डॉक्टरांची समजूत होती. १९९० नंतरच्या दशकात मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले आणि उलट तीच औषधे सांभाळून दिली तर अशा रोग्यांचे आयुष्य वाढते, असे दिसून आले. थकलेल्या बैलाला चाबूक नव्हे, विसावा हवा असतो.

सोमवारच्या पोटदुखीचे उत्तर मला अशा रीतीने मिळाले. तो मुलगा सोंग करीत नव्हता. सोमवार म्हणजे शाळा, शाळा म्हणजे पहिला तास, पहिला तास म्हणजे मी. त्याच्या रानातला गवा निघून गेला होता. शाळेतला गवा मात्र रोज सकाळी फळ्यापुढे उभा होता.

येथे काही वाचक म्हणतील, "बाई, धाकाशिवाय मुले शिकत नाहीत. आम्ही छड्या खाल्ल्या म्हणून चार अक्षरे शिकलो." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माझ्याही हातांवर छडीचे वळ उठलेले आहेत. शिवाय या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांना विजेचे सौम्य व तीव्र धक्के देऊन दोन वाटांतील योग्य वाट ओळखायला शिकविले. वाट ओळखणे सोपे असताना तीव्र धक्क्यांनी ते लवकर शिकले. पण ओळख अवघड झाली की तीव्र धक्क्यांनी शिकणे मंदावले. मध्यम धक्केच गुणकारी ठरले. यातून मी माझ्यापुरता बोध घेतला तो असा, की धाकाने पाढे पाठ होत असतील, पण गणिताची नवी रीत सुचणार नाही. शब्दार्थ घोकले जातील, पण कवितेचा अर्थ उमगणार नाही. जे शिक्षण विचार मागते, त्याला धाक मारक आहे. थोडी हुरहूर हवी. ती नसेल तर मन जागे होणार नाही. म्हणून परीक्षा नकोत, स्पर्धा नकोत असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु हुरहूर आणि दहशत यांत मीठ आणि खारेपणा यांच्याइतके अंतर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे आपण विसरतो. छडी कपाटात गेली. जीभ मात्र अजून मोकळी आहे. भित्रा, मठ्ठ, दगड, ही विशेषणे वळ उठवीत नाहीत, एवढाच काय तो फरक.

तेव्हा माझ्या मताप्रमाणे आपण काय करावे?

प्रथम आम्ही शिक्षकांनी. अचानक नाव पुकारून उभे करण्याची सवय सोडावी; प्रश्न आधी सांगावा, विचाराला अर्धा मिनिट द्यावा, मग नाव घ्यावे. उशिरा आलेल्याला शिक्षेपूर्वी कारण विचारावे. चुकलेल्या उत्तरावर वर्गाला हसू देऊ नये. शारीरिक शिक्षणाचा तास इतर विषयांच्या शिक्षकांनी, विशेषतः परीक्षा जवळ आल्यावर, हिसकावून घेऊ नये. धावण्यासाठी सज्ज झालेल्या शरीराला खरोखरच धावू देणे, याहून सोपा उपाय दुसरा नाही.

नंतर पालकांनी. जेवणाच्या ताटावर गुणपत्रिकेचा विषय काढू नये. कॅननच्या मांजराचे जठर चिडल्यावर थांबत होते. आपल्या लेकरांचे जठर काही निराळे नाही. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. सोमवारी पोट दुखते म्हणणाऱ्या मुलाला सोंगाडा ठरविण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे, आणि पोटात दोष नसेल तर दोष शाळेत आहे काय, हे निःसंकोचपणे आम्हाला येऊन विचारावे. त्या माउलीने विचारले, म्हणून माझे डोळे उघडले.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही. आमच्या गावी एस. एस. एल. सी.च्या परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत दिवे जळताना मी पाहते. चहाच्या जोरावर जागणे म्हणजे दमलेल्या पहारेकऱ्याला बडवून उभे करणे होय. वाचलेले स्मरणात मुरते ते झोपेत. म्हणून झोप ही अभ्यासाची शत्रू नसून त्याची अखेरची पायरी आहे. प्रश्नपत्रिका हातात पडली आणि छाती धडधडू लागली, तर 'मी घाबरलो, आता संपले' असे म्हणू नका. 'शरीर माझ्या मदतीला आले' असे म्हणा, कारण तेच सत्य आहे. मग श्वास सावकाश घ्या आणि त्याहूनही सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. परानुकंपी शाखेला बोलावण्याची हीच वाट. असे पाच-सहा श्वास झाले की सर्वांत सोपा प्रश्न आधी लिहायला घ्या.

माझ्या घरी आम्ही कोंकणी बोलतो, शाळेत मी मराठी शिकवते, बाजारात कानडी कानावर पडते. तिन्ही भाषांत भीतीला शब्द आहेत. माझी आजी भ्यालेल्या माणसाविषयी 'आंग कांपता' एवढेच म्हणे; भित्रा म्हणत नसे. विज्ञानाच्या पुस्तकातील 'अनुकंपी' हा शब्द प्रथम वाचला, तेव्हा मला आजीची आठवण झाली. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलन याच्यापासून वैद्यांची अशी समजूत होती की या तंतूंमुळे एका अवयवाचे सुखदुःख दुसऱ्याला कळते; त्यावरून अठराव्या शतकात विन्स्लो याने या तंतूंना सहवेदनेचे नाव दिले आणि आपल्याकडे त्याचे 'अनुकंपी' झाले. 'कंप' म्हणजे थरथरणे. 'अनुकंपा' म्हणजे दुसऱ्याच्या थरथरण्याबरोबर आपणही थरथरणे, अर्थात दया. शरीरातील तंतूंना जे साधते, ते मला त्या सकाळी साधले नाही. तो कापत होता, आणि मी फळ्यापाशी ताठ उभी होते.

पुढे मी भरवर्गात त्याची क्षमा मागितली. ज्या वर्गापुढे अपमान झाला, त्याच वर्गापुढे क्षमा मागणे योग्य, असे मला वाटले. हे सांगताना मला भूषण वाटत नाही. तो सारा महिना त्याने उपाशीपोटी शाळेत काढला होता. सोमवारची पोटदुखी एका दिवसात गेली नाही. हळूहळू कमी झाली. त्या वर्षीच्या मराठी भाषा दिनाला त्याने तीच कविता म्हटली. मी समोरच बसले होते. हातातला कागद शेवटपर्यंत थरथरत होता. कविता मात्र पूर्ण झाली, एकही ओळ न गळता.

या वर्षी तुमच्यापैकी कोणाचे अंग वर्गात, व्यासपीठावर किंवा परीक्षागृहात कापू लागले, तर त्याला कोणी भित्रा म्हणू नये. आणि मी कधी चुकून म्हणालेच, तर हा अंक माझ्यापुढे आणून ठेवावा.

— एक सहशिक्षिका